निरुपद्रवी पद्धत

गुलाबीच म्हणायचं याला... की केशरीच, अजून नीट न वाळलेलं? बशीच्या कडेला टेकवून ठेवलेला तो कागदाचा तुकडा, बोटाच्या पेराएवढाच, तिनं खिडकीच्या उजेडात एकदा असा धरला, एकदा तसा, मग ओट्यावरची ट्यूबलाइट लावून पुन्हा पाहिला. जिथं थेंब पडला होता तिथं रंग सरकला होता. कडेला केशरी होता तसाच. मध्ये मात्र गुलाबी, नख दाबून सोडल्यावर त्याखाली रक्त परत यावं तसा. आणि सगळ्यात आधी तिला जे वाटलं – हे नंतर दिवसभर तिला सोडणार नव्हतं – ती भीती नव्हती, वाईट वाटणंही नव्हतं. तो चक्क आनंद होता. चाललं! घरच्या ओट्यावर, चहाच्या बशीत, बाटलीतल्या साध्या व्हिनेगरवर चाललं.

मग तो आनंद कुणाच्या जिवावरचा आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं ट्यूबलाइट घाईघाईनं बंद केली, जणू दिव्यानंच काही पाहिलं होतं.

चमचा अजून सिंकमध्ये होता. ताईंचा. नवऱ्याची मोठी बहीण. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून मागच्या खोलीत राहायला आलेली. रोज सकाळी दूध ढवळायचं, चमचा चाटायचा आणि कपाच्या कानाला अडकवून ठेवायचा, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. त्याच चमच्यावर हिनं आज व्हिनेगर घातलेल्या पाण्याचे चार थेंब सोडले, ते बशीत उतरवले, आणि प्रयोगशाळेतून पर्समध्ये घालून आणलेल्या पट्ट्यांपैकी एकीवर त्यातला थेंब सोडला. एवढंच. चोरी म्हणावी इतकंही नाही.

तिच्या प्रयोगशाळेत येणारा माल म्हणजे औषधंच असायची. पण औषध म्हणून न घेतलेली. वेदनेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, नशेसाठी बाटलीच्या बाटली रिचवायची खोकल्याची औषधं – कुणाच्या गादीखाली सापडलेली, कुणाच्या दप्तरात, कुणाच्या गाडीच्या डिकीत. ती कशाची आहेत ते ओळखून पोलिसांना सांगायचं. आजवरची रीत अशी की गोळी कुटायची, रंगात घालायची, मग क्लोरोफॉर्म ओतून हलवत बसायचं. पंखा घोंघावतोय, डोळे चुरचुरतायत, आणि संध्याकाळी त्या सगळ्या घाणीचे कॅन मागच्या दारानं निघून जातायत – कुठं, ते कुणी विचारायचं नाही. तिनं ते विचारलं होतं, आणि मग विचारून गप्प न बसता ही पट्टी बनवली होती. कागद, त्यावर वाळवलेला केशरी रंग, आणि किंचित आंबट पाणी. वेदनेची गोळी त्यात असली की रंग गुलाबीकडे जायचा. ना वास, ना धूर, ना कॅन. वापरलेली पट्टी कुंडीत टाकली तरी रोपाला काही होत नाही, असं ती एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेली, आणि तेव्हापासून तिचं नावच 'झाडवाली' पडलं. 'झाडवाली, आमची कढीपत्त्याची कुंडी सुकतेय, दोन पट्ट्या घाल.'

निरुपद्रवी पद्धत. अहवालात तिनं हाच शब्द वापरला होता. आणि निरुपद्रवी होती म्हणूनच तर ती इथवर आली होती. क्लोरोफॉर्म पर्समधून आणायची तिची काय छाती होती? जिन्यातच वासानं बोंब झाली असती. नवऱ्यानं विचारलं असतं, ताईंनी विचारलं असतं, निदान तिनं स्वतःला तरी विचारलं असतं...

"शास्त्रज्ञ!" मागच्या खोलीतून हाक आली. "चहा टाकतेस का घोटभर? दुधानं तोंड कसंसंच झालंय."

"टाकते, ताई."

तिनं पट्टी चष्म्याच्या घरात सरकवली आणि आधण ठेवलं. हात आपला आपण चालत होता. आवाजसुद्धा. 'टाकते, ताई' – किती सरळ निघालं ते तोंडातून! आणि ताईंचा आवाज? 'तोंड कसंसंच' म्हणताना जीभ जरा जड नव्हती? 'स' लांबला नव्हता?

हे असं गेले कित्येक दिवस चाललं होतं. वेदनेच्या गोळ्या, सवय लागेल म्हणून, डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. दुखलंच तर शेकायचं आणि व्यायाम करायचे, असं सांगितलं होतं. पण दुपारी ताईंच्या पापण्या खाली येत. बोलता बोलता वाक्य मध्येच कुठंतरी ठेवून द्यायच्या आणि थोड्या वेळानं तिथूनच उचलायच्या. मानेला, दंडाला खाज सुटायची. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. अर्थात खिडकीकडे तोंड करून बसलं की कुणाच्याही होतात. बाथरूमच्या केराच्या डब्यात एकदा चांदीसारखा पातळ कागद सापडला, कशाचा ते कळू नये इतका बारीक फाडलेला. इतका बारीक का फाडावा कुणी? आणि नवरा... औषधांच्या दुकानात तो हल्ली आपण होऊन जायचा. ब्लेड संपली म्हणून. शाम्पू संपला म्हणून. स्वयंपाकघरात भाऊ-बहीण हसत असायचे आणि ही आली की हसू असं खाली बसायचं, जसं उतू जाणारं दूध फुंकर मारल्यावर बसतं. तिनं एकदा विचारलंही होतं, "मी आले की गप्प का होता रे तुम्ही?" तर तो म्हणाला होता, "तू बघतेसच अशी. आम्ही काय नमुने आहोत तुझे?"

नमुनेच की, तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

चहा घेऊन ती आत गेली तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाठ ताठ, पट्टा बांधलेला. एवढी रुंद पाठ आणि असे खांदे तिनं दुसऱ्या कुठल्याही बाईचे पाहिले नव्हते. सारी हयात पोहायला शिकवण्यात गेली होती. अर्ध्या गावाची पोरं त्यांनी पाण्यात ढकलली होती आणि पुन्हा वर काढली होती.

"आज तुझी परीक्षा ना गं?" ताई म्हणाल्या. "तुझ्या त्या कागदाची."

"हो. दुपारी आहे."

"पास होणार बघ. मागं तू नोकरीच्या मुलाखतीची उजळणी माझ्यासमोर केली होतीस, तेव्हा मी ऐकता ऐकता झोपले होते. ज्याचं मला झोप येईल इतकं पाठ असतं तो पास होतोच." आणि हसल्या. मोठ्यांदा, नेहमीसारखं. की नेहमीपेक्षा जरा उशिरा?

जिना उतरताना तिनं नवऱ्याला निरोप लिहिला. तो लिफ्टच्या दुरुस्तीवर असायचा, फोन क्वचितच उचलायचा; म्हणून लिहिला. की तोंडानं बोलावं लागू नये म्हणून? 'ताई अजून गोळ्या घेतायत. खात्री आहे. पट्टीवर आलंय. तू बोल त्यांच्याशी.' पाठवलं आणि पुन्हा वाचलं. 'खात्री' हा शब्द तिच्या अहवालांत कधी नसायचा. तिथं 'आढळून येते', 'अनुरूप आहे' असं असायचं. पण घरच्या माणसाला काय 'अनुरूप' लिहायचं?

प्रयोगशाळेत शिरताच अण्णा दिसले. सगळ्यांत जुने तपासनीस. आयुष्यभर क्लोरोफॉर्म हुंगून हुंगून त्यांचं नाक गेलं होतं. डबा उघडल्यावर त्यात काय आहे ते ते शेजाऱ्याला विचारायचे. इतकं होऊनही जुन्या पद्धतीवरची त्यांची भक्ती काही कमी झाली नव्हती. आज ते तिच्या टेबलाशी उभे होते. तिच्या टेबलाशी काय काम यांचं?

"पट्ट्यांचं पाकीट उघडं राहिलं होतं काल," ते म्हणाले. "दमटपणा लागेल म्हणून बंद करून ठेवलं."

"थँक्यू, अण्णा."

"मोजून ठेवत जा." आणि ते गेले.

मोजून ठेवत जा... म्हणजे? त्यांनी मोजल्या? पाकीट मी उघडं ठेवलं नव्हतं. मी कधीच उघडं ठेवत नाही. की काल घाईघाईत, पर्सची चेन लावताना... तिनं पाकीट हातात घेतलं आणि खाली ठेवलं. समोरच्या टेबलावरची मुलगी तिच्याकडे पाहून हसली. का हसली? मग तिच्या लक्षात आलं, आपणच आधी हसलो होतो, उगाच. पोरीनं हसू नुसतं परत केलं होतं.

दुपारपर्यंत नवऱ्याचं उत्तर नव्हतं. निरोप वाचलाय एवढंच दिसत होतं. वाचून तो काय करत असेल? एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरपाशी बसून पुन्हा पुन्हा वाचत असेल... की त्याला हे आधीच ठाऊक होतं आणि आता पकडलं गेल्याची भीती वाटतेय? कारण शाम्पूची बाटली – हे तिला आत्ताच आठवलं – अजून अर्धी भरलेली होती.

मॅडमच्या खोलीत तिघंच होते: मॅडम, अण्णा आणि ती. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. कमी बोलायच्या आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहायच्या. तिनं टेबलावर पट्ट्या मांडल्या. गोळ्या विरघळवलेल्या पाण्याचे पेले मांडले. पहिली पट्टी गुलाबी, दुसरी केशरीच, तिसरी गुलाबी. सगळं जिथं जसं यायला हवं तसंच आलं. मॅडमनी मान हलवली. बाहेर जाणाऱ्या कॅनची संख्या किती कमी होईल ते तिनं सांगितलं, तेव्हा त्यांनी चक्क तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "खरंच छान आहे. मला एक सांग – दुधात काय होतं?"

तिनं टेबलावरची एक पट्टी सरळ केली.

"दुधात?"

"अगं, दुधात मिसळून देतातच की लोक. प्रवासात, शेजारणीला, सासूला. उद्या कुणी दुधाचा पेला घेऊन येईल आपल्याकडे. नुसतं दूध, काही न घातलेलं. त्याचा थेंब तुझ्या पट्टीवर सोडला तर?"

कसं कळलं यांना? या एकाच माणसाला, ज्याला वाससुद्धा येत नाही, त्याला नेमकं दूधच कसं सुचलं? कुणी पाहिलं? कुणी सांगितलं? घरात आम्ही दोघीच होतो... आणि याच्याही खाली, अगदी तळाशी, एक थंड, सरळ आवाज होता, तिचा स्वतःचा, वर्गात शिकवावं तसा: दुधात प्रथिनं असतात. हा रंग गोळीसारखा प्रथिनांनाही धरतो. लाळेतल्याही. तुला हे माहीत आहे. तुला हे सकाळीही माहीत होतं.

"पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मग पाहू." मॅडमनी बेल दाबली. चहाच्या टेबलावरून अर्धा कप दूध आलं, साखरही न घातलेलं. अण्णांनीच पट्टीवर थेंब सोडला. त्यांचा हात म्हातारा असला तरी नेमका. तिघंही वाकून पाहू लागले. कडेला केशरी. मध्ये हळूहळू, अगदी संकोचल्यासारखं... नख दाबून सोडल्यावर रक्त यावं तसं.

मग मॅडम म्हणाल्या, "ठीक. गोळ्यांपुरती पद्धत मान्य. दूध, लाळ, रक्त यांना लावायची नाही, हे ठळक अक्षरांत टाका. बाकी अभिनंदन." आणि अण्णांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "तोंड का उतरलं? पास झालीस की! पद्धतीला तिची हद्द कळली म्हणजे काय पद्धत वाईट झाली?" दाराशी आल्यावर मात्र ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"आहे. का?"

"सहज."

सहज! सहज असं काही असतं का जगात? ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. म्हातारा खरंच सहज बोलला असेल. मुलाच्या लग्नाचं, गुडघ्यांचं, हवामानाचं तो असाच सहज विचारतो. किंवा त्याला सगळं ठाऊक असेल आणि हीच त्याची सांगण्याची रीत असेल. तिला ते कधीच कळणार नव्हतं, आणि कळून घ्यायला तिच्याजवळ कुठली पट्टी नव्हती.

कोरं दूध मी का नाही तपासलं? सकाळी, ओट्यावर, पातेलं समोर होतं. दुसरा चमचा बुडवायला किती वेळ लागणार होता? नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची: आधी कोरा नमुना, मग बाकी सगळं. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि आपण? ...आपल्याला दुसरी पट्टी नकोच होती.

फोन उघडला तर नवऱ्याचा निरोप येऊन पडला होता. 'घरी आलो. बोललो तिच्याशी. कबूल केलं तिनं. तू ये.'

तिनं तो जिन्यात उभ्यानं वाचला. लोक बाजूनं उतरत होते, कुणी 'अभिनंदन, झाडवाली' म्हणालं. कबूल केलं तिनं. म्हणजे होतंच. म्हणजे पट्टी खोटी आणि गोष्ट खरी. तिला हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही, गुन्हा केला नाही असं सिद्ध झालेल्या माणसासारखं, आणि लगेच त्या हलकेपणाची तिला शिसारी आली. कारण कबूल तर माणूस कशानंही करतो. कागद दाखवला की करतो. 'यंत्रात आलंय' म्हटलं की आपणच केलं असेल असं त्याला वाटायला लागतं. किती जण आपल्या अहवालापुढं असे... नको.

बसमध्ये तिला एक जुनी दुपार आठवली, न बोलावता. दिवस गेले होते आणि मग राहिले नाहीत, तेव्हाची. घरात जो येई तो विचारी: कधी झालं, काय उचललं होतंस, डॉक्टर काय म्हणाले. ताई तलावावरून तशाच आल्या होत्या, ओल्या केसांनी, अंगाला क्लोरिनचा वास. पलंगावर मागं बसल्या आणि तिचे केस विंचरत राहिल्या. काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, यांना काही वाटतच नाही की काय.

नवरा दाराशीच स्टुलावर बसला होता, कामाचा डगला अंगावर, अवजारांची पिशवी मांडीवर. जणू कुणी अजून आत घेतलंच नव्हतं त्याला.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, ती म्हणतेय पट्टीवर आलंय. तर म्हणाली, मग असेल. घेते मी. असं म्हणाली."

"कशी म्हणाली?"

"कशी म्हणजे?"

"लगेच? की वेळ घेऊन? तुझ्याकडे बघून?"

"अगं, काय चाललंय तुझं?" त्याचा आवाज फाटला. "हो म्हणाली ती. आता आणखी काय हवंय?"

तिनं सांगितलं. दुधाचं. उभ्याउभ्याच, चपला न काढता. तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट येऊन जात होती. सुटका, मग राग, मग दोन्ही नाही असं काहीतरी. एक तिच्या ओळखीची होती: भीती. पण कशाची?

"म्हणजे काहीच कळलेलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही. तू..." औषधांचं दुकान, ब्लेड, अर्धी भरलेली बाटली, सगळं जिभेवर आलं. "तू काही आणून देत नव्हतास ना त्यांना?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलली आणि मोरीत हात धुवायला गेला. नळ मोठा सोडला. त्या आवाजात तो काही बोलला असेल तर तिला ऐकू आलं नाही.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ताई खुर्चीत होत्या, उशी पाठीशी. रडल्याचं काही दिसत नव्हतं. त्यांनी बहुधा बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"ताई, माझी चूक झाली," ती म्हणाली. "तो रंग दुधाचा होता. कुठल्याही दुधानं येतो. गोळी असो, नसो."

"असं होय?"

"मी आधी तपासायला हवं होतं. आणि आधी..." आधी तुम्हाला विचारायला हवं होतं; पण ते निघेना.

"मग मी त्याला हो म्हटलं, त्याचं काय?" ताईंनी सरळ तिच्याकडे पाहिलं. "त्याचा कसला रंग येतो?"

"तुम्ही का म्हणालात तसं?"

"तो समोर उभा होता. हात काळे, तोंड हे एवढंसं. कामावरून पळत आलेला. म्हणाला, खोटं बोलू नकोस ताई, हिच्या कागदावर आलंय. मला त्याचं तोंड बघवेना." त्या थांबल्या. वाक्य मध्येच ठेवून दिलं, नेहमीसारखं. ती वाट पाहत राहिली, कुठून उचलतील याची. "आता तूच सांग. तुला काय हवंय? हो की नाही? तू म्हणशील ते म्हणते."

चेष्टा होती? राग होता? की नुसतं दमणं? त्या आवाजाच्या तिनं मनातल्या मनात चिंध्या करून पाहिल्या आणि एकीवरही काही उमटलं नाही. आणि मग, ताई उत्तराची वाट बघत असताना, तिनं आत वळून पाहिलं, की खरंच आपल्याला काय हवंय. 'नाही' हवंय, असं ती धरून चालली होती. बसमध्ये, जिन्यात, सबंध वाटेवर. पण ते तिथं नव्हतं. तिथं 'हो' बसलेलं होतं. सकाळपासून, कदाचित त्याच्याही कितीतरी आधीपासून, हात जोडून, नीटनेटकं, आपली पाळी येईल म्हणून वाट बघत.

"मला माहीत नाही, ताई," ती म्हणाली. तिच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं हे पहिलं खरं वाक्य असावं. पण त्याचीही तिला खात्री देता आली नसती.

"बरं," ताई म्हणाल्या. "मग मला उठव आधी. बसून बसून पाठ धरलीय."

तिनं दोन्ही हात पुढं केले. ताईंनी ते धरले, मनगटाच्या वरून, बुडणाऱ्याला काढताना धरतात तसे घट्ट, आणि सगळा भार तिच्यावर टाकून हळूहळू उभ्या राहिल्या. मोरीतला नळ बंद झाला होता. दोघी तशाच उभ्या होत्या, आणि हातांतून एक बारीक कंप जात होता, इतका बारीक की दोघींपैकी कुणीही तो नाकारला असता. तो ताईंच्या हातात होता की आपल्या? हे ओळखणं अवघड नव्हतं. एक हात सोडायचा आणि पाहायचं.

तिनं हात सोडला नाही.